अ‍ॅव्हरेज आता युनिटमध्ये

चिंचवडमध्ये कुणाच्या दारात नवी मोटार आली, की पेढ्याबरोबर एक प्रश्न ठरलेला असतो, 'अ‍ॅव्हरेज किती देते?' १९९८ साली पिंपरीची 'इंडिका' आली, तेव्हाही हाच प्रश्न होता. आज चाकणला महिंद्राच्या विजेवरच्या मोटारी तयार होतात, रांजणगावला टाटांची नेक्सॉन आणि आकुर्डीला बजाजची विजेवरची 'चेतक'. प्रश्न बदललेला नाही. उत्तर मात्र आता लिटरऐवजी युनिटमध्ये द्यावे लागते.

आपण साधा हिशेब मांडू. चिंचवडहून चाकणला कामाला जाणाऱ्याचे रोज चाळीस किलोमीटर होतात, म्हणजे महिन्याला हजार. पेट्रोल १०५ रुपये धरले आणि गाडीने लिटरला १५ किलोमीटर दिले, तर खर्च ७,००० रुपये. हायब्रिडने २२ दिले, तर सुमारे ४,८००. विजेची गाडी युनिटला सहा किलोमीटर धावली, तर १६७ युनिटे लागतील. युनिटला १२ रुपये धरले तरी खर्च २,००० रुपयांच्या आसपास.

तळेगाव चौकातल्या रांगेत पेट्रोलची गाडी जागच्या जागी इंधन जाळते. हायब्रिडचे इंजिन अशा वेळी बहुधा बंद असते आणि ब्रेक दाबताना वाया जाणारी काही शक्ती बॅटरीत परत जाते. म्हणूनच तिचा फायदा शहरात अधिक दिसतो. द्रुतगती मार्गावर तो कमी होतो.

आकडे फसवतात कुठे?

महिना ५,००० रुपये वाचले, तर वर्षाला ६०,००० होतात. विजेची गाडी चार लाखांनी महाग पडली असेल, तर ते पैसे पावणेसात वर्षांत वसूल होतात. पण निवृत्त जोडप्याची गाडी महिन्याला चारशे किलोमीटरच फिरत असेल, तर त्यालाच सोळा-सतरा वर्षे लागतील. बऱ्याच कंपन्या बॅटरीची हमी आठ वर्षांची देतात, हे इथे आठवावे. विजेच्या मोटारीवर ५ टक्के जीएसटी आहे. लहान पेट्रोल मोटारींवरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे पेट्रोलची गाडीही आता पूर्वीपेक्षा स्वस्त पडते.

दुसरी अडचण पार्किंगची. सोसायटीत स्वतःच्या जागेपर्यंत वायर आली, तरच वरचा हिशेब खरा. बाहेरच्या जलद चार्जिंगला युनिटमागे २२ रुपये मोजावे लागले, तर खर्च ३,७०० रुपयांपर्यंत जातो आणि हायब्रिड जवळ येते. घरच्या मीटरवर चार्जिंग केले, तर वापर महावितरणच्या वरच्या टप्प्यात जाऊन बिल फुगते. तेव्हा गाडीआधी मागील वर्षाची वीजबिले काढून बसावे.

ऑइल, प्लग, क्लच यांचा खर्च विजेच्या गाडीत नाही. तृतीय पक्ष विम्यात २०२२ पासून तिला १५ टक्के सवलत आहे. मात्र वजनामुळे टायर लवकर झिजू शकतात.

दुसरी बाजू

हा 'नाही'चा पाढा आपल्या गावाला वेगळा ऐकू येतो. पिस्टन, व्हॉल्व्ह, सायलेन्सर आणि गिअरचे सुटे भाग करणारी कितीतरी लहान युनिटे भोसरी-चिंचवड परिसरात आहेत. ग्राहकाचा जो खर्च वाचतो, तो कुणाची तरी ऑर्डर असते. हायब्रिडमध्ये इंजिन राहते, म्हणून त्या कामाला थोडी उसंत मिळते. विजेच्या गाडीला मोटर, वायरिंग आणि बॅटरीचे सांगाडे लागतात. त्यासाठी नवी यंत्रे आणि नवे शिक्षण हवे. गाडी घेणाऱ्याने महिन्याचे किलोमीटर आणि पार्किंग पाहून निर्णय घ्यावा. लेथवर उभ्या असलेल्या मुलाने मात्र नव्या कामाची तयारी आजच सुरू करावी.