ना पंखा, ना शेगडी
पत्र्याच्या शाळेत शिकलेल्यांना मार्चमधली दुपार सांगायला नको. आमच्या वर्गात दोन वाजता गणित असायचं. वर पत्रा तडतडतोय, खाली घामाने वहीचं पान मनगटाला चिकटतंय. पावसाळ्यात तर गुरुजींचे नुसते ओठ हलताना दिसायचे. पण पत्र्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. बिचाऱ्याला बसवलंय चुकीच्या जागी!

हे ओळखलं बुर्किना फासोच्या दिएबेदो फ्रान्सिस केरे यांनी. गांदो या खेड्यातून शाळेत गेलेलं हे पहिलं पोर. पुढे बर्लिनला वास्तुकला शिकताना त्यांनी पैसे जमवले आणि २००१ मध्ये गावात शाळा उभी केली. भिंती मातीच्या, थोडं सिमेंट घालून दाबलेल्या विटांच्या. वर विटांचंच छत, त्याला भोकं. आणि त्याच्याही वर, बरंच अंतर सोडून, लोखंडी सांगाड्यावर उचलून धरलेला पत्रा. वर्गातली गरम हवा भोकांतून वर सटकते, मधल्या फटीतला वारा तिला घेऊन पसार होतो आणि खिडक्यांतून ताजी हवा आत येते. वीज लागते शून्य. पायाचे दगड गोळा केले शाळेच्याच पोरांनी. केरे यांना २०२२ मध्ये वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. आफ्रिकेत तो पहिल्यांदाच गेला.

उलटा प्रकार इंग्लंडातल्या वॉलसी गावात. १९६१ मध्ये तिथे एका शाळेची दक्षिणेकडची अख्खी बाजू दुहेरी काचेची केली. ऊब कुणाची? सूर्याची, दिव्यांची आणि खुद्द मुलांच्या अंगाची! म्हणजे हजेरी रोडावली की वर्ग गारठणार. दांडीबहाद्दरांना यापेक्षा सज्जड कारण कोण देणार?

लडाखात लेहजवळच्या सेकमॉल शाळेतही हीच युक्ती: दक्षिणेला काच, बाकी जाड मातीच्या भिंती. दिवसभर ऊन पिऊन भिंती रात्री ऊब परत देतात. या मातकामाला २०१६ मध्ये ‘टेरा’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथून फार लांब नाही ती शेची शाळा, ‘थ्री इडियट्स’वाली. पर्यटक सिनेमात दिसलेल्या भिंतीपुढे फोटो काढायचे, पण बघण्यासारखे आहेत तिथले संडास. पाण्याचा थेंब लागत नाही. उन्हाने तापणारं धुराडं वास वर ओढून नेतं आणि खाली खत तयार होतं.

जैसलमेरजवळ कनोईच्या मुलींच्या शाळेत एसी नाही. पिवळ्या दगडाची लंबगोल इमारत आणि जाळीदार भिंती. वाळवंटातलं ऊन जाळीतून चाळून आत येतं. आजीने पीठ चाळावं तसं.

उजेडाचं शास्त्र तर जुनंच. युरोपातल्या जुन्या शाळांमध्ये खिडक्या मुलांच्या डाव्या हाताला ठेवत, म्हणजे उजव्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही. डावखुऱ्यांचा विचार अर्थातच कुणी केला नव्हता.

आणि गरम वर्गात डोकं चालत नाही ही तक्रार खोटी नव्हती बरं का! अमेरिकेतल्या सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांच्या गुणांवरचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला: एसी नसलेल्या शाळेत वर्ष एक अंश फॅरेनहाइटने जास्त तापलं, की त्या वर्षीच्या शिक्षणात सुमारे एक टक्का घट. अंश फॅरेनहाइटचा आहे, सेल्सिअसमध्ये अर्ध्याहून जरासाच जास्त! आमचं दोन वाजताचं गणित आता माफ व्हायला हरकत नसावी.

आपल्याकडे कोपरगावात शारदा शाळेचं माया सोमय्या ग्रंथालय बघा. पातळ विटांचे थर रचून केलेली लाटेसारखी कमान, आणि ती थेट जमिनीपासूनच वर चढत जाते. त्यामुळे मधल्या सुट्टीत पोरं सरळ छतावर पळतात, आणि त्यांना ‘उतर खाली’ म्हणून कुणी ओरडत नाही.