श्रम आपले, फोटोही आपलाच हवा

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा या पाचही तालुक्यांतील आपल्या वस्त्यांत भगिनींच्या हातात कला आहे. दिवसभर हळदीच्या, सोयाबीनच्या रानात रोजंदारी करून रात्री त्या मण्यांची तोरणे ओवतात, जुन्या लुगड्यांतून तान्ह्या बाळाच्या गोधड्या शिवतात, पंचशील ध्वजाच्या पताका करतात. १४ एप्रिलला, अशोक विजयादशमीला या वस्तूंना मागणी असते. पण भाव कोण ठरवतो? बहुतेक वेळा घरी येऊन माल उचलणारा व्यापारी. शेवटी गिऱ्हाईक किती पैसे मोजते, हे करणाऱ्या बाईला कळतच नाही.

काम आपण करायचे आणि मोबदला दुसऱ्याने ठरवायचा, हा गावकीचा इतिहास आपल्या वाडवडिलांनी भोगला आहे. त्यावर घाव घालण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले. घामाचा दाम आपणच सांगावा, हा धडा आम्ही त्यातून घेतो.

आज गिऱ्हाईक आधी मोबाइलवर फोटो पाहते, मग भाव विचारते. अंधाऱ्या खोलीत काढलेल्या फोटोत चार रात्रींची शिवण चिंधीसारखी दिसते. म्हणून बचत गटांच्या बैठकीत आम्ही फोटोचे खोके करून दाखवतो. खर्च शंभर रुपयांच्या आत.

किराणा दुकानातून पुठ्ठ्याचे मोठे खोके आणावे. उघडी बाजू आपल्याकडे येईल असे ते आडवे ठेवावे. उजवी, डावी आणि वरची बाजू, कडेला तीन बोटे पुठ्ठा राखून, चौकोनी कापावी. त्या खिडक्यांवर ट्रेसिंग पेपर चिकटवावा. आत पांढरा ड्रॉइंगचा कागद मागच्या बाजूपासून तळापर्यंत झोळीसारखा सोडावा. घडी पडू देऊ नये, म्हणजे वस्तूच्या मागे रेघ दिसत नाही.

थेट उजेडाची सावली काळी पडते. कागदातून आलेला उजेड पसरतो, सावली मऊ होते आणि टाका न् टाका दिसतो. सकाळी ओसरीच्या सावलीत खोके ठेवले तर विजेचीही गरज नाही. रात्री दोन बाजूंना पांढऱ्या उजेडाचे एकसारखे एलईडी बल्ब लावावेत. पिवळा बल्ब लावला, तर ध्वजाच्या निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या, केशरी रंगांतला पांढराच पिवळट दिसतो. जुना तापणारा बल्ब कागदाजवळ ठेवूच नये, आग लागेल.

मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच मऊ सुती कापडाने पुसावी. मोबाइल डब्याला टेकवून टायमर लावावा, म्हणजे हात हलत नाही. पांढऱ्या कागदामुळे फोटो मळकट आला, तर पडद्यावर वस्तूवर बोट टेकवून उजेड थोडा वाढवावा. तीन फोटो पुरेत: एक पूर्ण वस्तूचा, एक जवळून, एक शेजारी शाळेची पट्टी ठेवून, म्हणजे माप कळते.

मात्र रंग मुद्दाम भडक करू नये, उसवलेला टाका लपवू नये. तथागतांनी सम्यक वाचा आणि सम्यक आजीविका सांगितली. फोटोही बोलतोच, तोही खरेच बोलला पाहिजे. एकदा फसलेले गिऱ्हाईक परत येत नाही.

फोटोखाली करणाऱ्या बाईचे नाव आणि तिने ठरवलेला भाव लिहावा. भाव काढताना सूत-मण्यांच्या खर्चाबरोबर लागलेल्या तासांची मजुरी धरावी. रानातल्या तासाला दाम आहे, तर सुईच्या तासाला का नसावा?

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर शाळकरी मुला-मुलींना घेऊन एक खोके तयार करावे. ते साऱ्या वस्तीला पुरेल.

जयभीम!