कासवींचे माहेर

समुद्रकिनारा म्हटला की ऊन, वाळू, लाटांत डुंबणारी मुले आणि भेळेची गाडी डोळ्यांपुढे येते. पण अंधार पडल्यावर परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, टॉर्च लावता येत नाही, फोटोसाठी फ्लॅश उडवता येत नाही, अशा किनाऱ्यावर लोक दूरदूरच्या देशांतून हौसेने का जात असतील? कारण १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात तो किनारा कासवांचा असतो. माणूस तिथे पाहुणा!

हा किनारा आहे कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर. या बेटाची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन मराठी माणसाला परकी नाही. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवले ते इथेच, आणि सुनील गावसकरांनी कसोटी पदार्पण केले तेही त्याच सामन्यात. या शहरातून मोटारीने निघाले की डोंगर आणि समुद्र यांच्यामधून वळणे घेत अडीच-तीन तासांनी ग्रांद रिव्हिएर हे छोटेसे गाव येते. एकेकाळी इथे कोकोच्या बागा भरभराटीत होत्या. आता गावाची ओळख आहे ती जेमतेम किलोमीटरभर लांबीच्या वाळूच्या पट्ट्यामुळे.

अंधारातले बाळंतपण

जगातील सर्वांत मोठे समुद्री कासव म्हणजे लेदरबॅक. त्याच्या पाठीवर इतर कासवांसारखे टणक कवच नसते, चामड्यासारखी जाड कातडी असते. म्हणून हे नाव. किनाऱ्यावर येणारी मादी पाच-सहा फूट लांब आणि तीनशे-चारशे किलो वजनाची असू शकते. एरवी ती थेट कॅनडाजवळच्या थंड पाण्यापर्यंत जेलीफिश खात फिरते. मात्र दर दोन-तीन वर्षांनी, जिथे आपण जन्मलो त्याच भागातल्या किनाऱ्यांकडे ती अंडी घालायला परतते. बाळंतपणाला माहेरी यावे तशी!

रात्री लाटांतून एक काळा खडक हलल्यासारखा वाटतो. मग तो खडक धापा टाकत वाळूवर सरकू लागतो. मागच्या वल्ह्यांनी कासवी हळूहळू खोल खड्डा खणते आणि त्यात सुमारे ऐंशी अंडी घालते. एकदा अंडी घालायला लागली की तिला आजूबाजूचे भान फारसे उरत नाही. गाइड पाहुण्यांना जवळ बोलावतो तो याच वेळी, आणि तोही लाल दिव्याच्या मंद उजेडात. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसते. पाहणाऱ्याचे मन हेलावते, पण ते अश्रू नसतात. शरीरातले जादा मीठ ती त्या वाटे बाहेर टाकत असते. मग खड्डा बुजवून, वाळू इतस्ततः उडवून ती समुद्राकडे वळते. सुमारे दहा दिवसांनी पुन्हा येते. एका हंगामात असे अनेकदा घडते.

गावकरी झाले राखणदार

हे दृश्य काही दशकांपूर्वी असे नव्हते. मांसासाठी कासवींना वाळूवरच मारले जाई, अंडी उकरून नेली जात. पुढे गावातल्याच लोकांनी संघटना उभारून रात्रीची गस्त सुरू केली. १९९७ मध्ये सरकारने हा किनारा संरक्षित केला, आणि २०११ पासून साऱ्या देशात समुद्री कासवांची शिकार बारा महिने बंद झाली. जिवंत कासव पाहायला पाहुणे येतात, म्हणजे गाइडला काम मिळते, राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या घरांत चार पैसे येतात. मेलेले कासव एकदाच विकले जाते, हा हिशेब गावाला पटला.

मारणारे हात थांबले तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. भर हंगामात एका रात्रीत शेकडो कासवी या चिंचोळ्या किनाऱ्यावर चढतात. जागा अपुरी पडते आणि एकीचा खड्डा खणताना दुसरीची अंडी वर येतात. दिवसा गिधाडे आणि कुत्री त्यांवर टपलेली असतात. २०१२ च्या जुलैत नदीचा प्रवाह वळवण्यासाठी आणलेल्या बुलडोझरखाली अंडी आणि पिल्ले मोठ्या संख्येने चिरडली गेली. त्या बातमीने जगभरच्या निसर्गप्रेमींना हळहळ वाटली.

सर्वांत मोठे संकट मात्र डोळ्यांना दिसत नाही. किनाऱ्याकडे येणाऱ्या कासवी वाटेत मासेमारीच्या जाळ्यांत गुरफटतात आणि श्वासासाठी वर येता न आल्याने गुदमरतात. जाळे फाटल्याने मच्छीमाराचेही नुकसान होते. त्याच्या पोटाला धक्का न लावता कासव कसे वाचवायचे, हा प्रश्न सोपा नाही. वायव्य अटलांटिकमधील लेदरबॅकची संख्या घटत असल्याने २०१९ मध्ये त्यांची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली.

जायचे असेल तर

परवाना आणि स्थानिक गाइड दोन्ही आवश्यक आहेत. गडद रंगाचे कपडे घालावेत, आवाज करू नये, कासवीच्या समोर उभे राहू नये. सुमारे साठ दिवसांनी अंड्यातून बाहेर पडणारी पिल्ले उजळ दिसणाऱ्या क्षितिजाच्या रोखाने समुद्र गाठतात. माणसाने लावलेला दिवा त्यांची वाट चुकवतो. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे आधीच नीट समजावून सांगावे.

मुलांना आवडेल असे एक काम तिथे रोज संध्याकाळी चालते. दिवसा बाहेर आलेली पिल्ले गिधाडांच्या तोंडी पडू नयेत म्हणून गाइड ती उचलून जपून ठेवतात आणि सूर्य मावळला की वाळूवर सोडतात. हजारात एखादेच पिल्लू मोठे होते, असे मानले जाते. तरीही तळहाताएवढी ती सगळीच पिल्ले इवलीशी वल्ही मारत, धडपडत, लाटेकडे धाव घेतात.