वेगाची शाळा

मोटारसायकलला आपल्याकडे फटफटी हें नांव पडलें तें तिच्या आवाजावरून. पुढें हें यंत्र घरोघरीं आलें आणि त्याचा आवाजहि कानांच्या सवयीचा झाला; परंतु त्याच्याविषयींची घरांतील वडील माणसांची धास्ती मात्र कमी झाली नाहीं. रात्रीं मुलगा परत येईपर्यंत दाराकडे कान लावून बसणारी आई आजहि पुष्कळ घरांत आढळेल. अशाच एखाद्या घरांत मुलगा किंवा मुलगी एके दिवशीं म्हणते, "चेन्नईजवळच्या शर्यतपट्ट्यावर मी एक दिवस फटफटी चालवायला जाणार आहें." हें ऐकतांच जमिनीला जवळजवळ टेंकलेला स्वार आणि धुळींत कोलांट्या खाणारी गाडी हीं दोन चित्रें घरांतल्या मंडळींच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्या पट्ट्यावर प्रत्यक्ष काय घडतें तें समजून घ्यावें, आणि मग संमति द्यावी कीं नाहीं हें ज्याचें त्यानें ठरवावें, या हेतूनें आजचा विषय मीं निवडला आहे.

पहिली गोष्ट ही कीं, ‘ट्रॅक डे’ या नांवानें जो कार्यक्रम ओळखला जातो ती शर्यत नव्हे. तेथें कोणी पहिला येत नाहीं, कोणाला पदक मिळत नाहीं. सामान्य माणसानें आपली स्वतःची गाडी घेऊन यावें, ठराविक रक्कम भरावी, आणि जो मार्ग एरवीं शर्यतींसाठीं राखलेला असतो त्यावर कांहीं तास नियमानें फेऱ्या माराव्या, एवढेंच त्याचें स्वरूप असतें.

असे मार्ग फार जुने आहेत. इंग्लंडांत वेब्रिजनजीक ब्रुकलंड्स येथें मोटारींच्या शर्यतींसाठीं मुद्दाम बांधलेला पट्टा १९०७ सालीं खुला झाला. जर्मनींत १९२७ सालीं न्युर्बुर्गरिंग हा डोंगरांतून जाणारा मार्ग तयार झाला. त्याच्या उत्तरेकडील वीस किलोमीटरांहून अधिक लांबीच्या वळशावर आजहि ठराविक वेळीं कोणाहि मोटारचालकास पैसे भरून जातां येतें. आपल्या देशांत मद्रासजवळ शोलावरम येथें युद्धकालांतील विमानांच्या धांवपट्टीवर वर्षानुवर्षें शर्यती भरत असत. पुढें १९९० सालीं मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनें श्रीपेरुंबुदूरनजीक इरुंगाट्टुकोट्टै येथें कायमचा पट्टा बांधला. त्याची लांबी ३·७१७ किलोमीटर असून त्यावर १२ वळणें आहेत. कोइमतूर येथें कारी मोटर स्पीडवे आहे, आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें २०११ सालीं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हा ५·१२५ किलोमीटरांचा मार्ग तयार झाला. आपल्या विवेचनासाठीं चेन्नईजवळचाच पट्टा डोळ्यांपुढें ठेवूं.

सार्वजनिक रस्ता आणि हा पट्टा यांतील भेद केवळ गुळगुळीतपणाचा नाहीं. पट्ट्यावर सर्व गाड्या एकाच दिशेनें जातात. समोरून मालमोटार येत नाहीं, फाट्यावरून बैलगाडी आडवी येत नाहीं, वळणावर सांडलेली वाळू किंवा रस्ता ओलांडणारें मूल आढळत नाहीं. वळणाच्या बाहेरच्या बाजूस दगडी कठड्याऐवजीं मोकळी जागा राखलेली असते, आणि रुग्णवाहिका व देखरेख करणारी माणसें सज्ज असतात. रस्त्यावर अपघाताचीं कारणें शंभर असतात. पट्ट्यावर त्यांतील बहुतेक काढून टाकलेलीं असल्यामुळें स्वाराचें स्वतःचें कौशल्य किंवा त्याचा अभाव स्पष्ट दिसूं लागतो. शाळेचें पहिलें लक्षण हेंच आहे.

दिवसाचा आरंभ होतो तो तपासणीनें. ब्रेक, टायर, साखळी व तेलाची गळती पाहिली जाते. आरसे काढून ठेवावयाचे किंवा झांकावयाचे, आणि दिव्यांच्या कांचांवर चिकटपट्टी लावावयाची. हेतु हा कीं, गाडी पडलीच तर कांचा मार्गावर विखुरूं नयेत. आरसे नसण्याचा दुसराहि एक फायदा आहे. तेथील नियम असा कीं, मागून येणाऱ्यानें पुढच्याला सांभाळून ओलांडावें. पुढच्यानें मागें पाहूं नये, फक्त आपली रेषा सोडूं नये. अंगावर जाड कातड्याचा एकसंध पोशाख, पाठीला संरक्षक कवच, मनगटें झांकणारे हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट आणि पुरें तोंड झांकणारें हेल्मेट एवढें असल्यावांचून आंत प्रवेश नाहीं.

नंतर सर्वांना एकत्र बसवून निशाणांचा अर्थ सांगितला जातो. पिवळें निशाण म्हणजे पुढें धोका आहे, कोणीं कोणाला ओलांडूं नये. तांबडें म्हणजे फेरी थांबली, सावकाश परत यावें. पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचें म्हणजे मार्ग निसरडा झाला आहे. काळ्यापांढऱ्या चौकटींचें म्हणजे पाळी संपली. शिकाऊ, मध्यम आणि तरबेज अशा टोळ्या पाडलेल्या असतात, आणि प्रत्येक टोळीला पंधरावीस मिनिटांची पाळी मिळते. ऐकणाऱ्याला हा वेळ थोडा वाटेल. पण चेन्नईच्या उन्हांत कातडी पोशाख घालून पंधरा मिनिटें एकाग्र होऊन गाडी चालविल्यावर भरपूर पाणी पिऊन सांवलींत बसण्याची निकड कोणालाहि समजावून द्यावी लागत नाहीं.

आतां मुख्य विद्येकडे वळूं. वेगांत असलेला पदार्थ सरळच जाऊं पाहतो. त्याला वळवावयाचें तर वळणाच्या मध्याकडे ओढणारें बळ हवें. आणि फटफटीला हें बळ मिळतें तें टायर व डांबर यांमधील घर्षणांतूनच. प्रत्येक टायरचा जमिनीला टेंकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. दोन तळहातांवर सारा संसार! समजा, वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशीं ६० किलोमीटर वेगानें तें घ्यावयाचें तर गाडी व स्वार मिळून उभ्या रेषेपासून सुमारें ३० अंश कलावें लागतें. वेग ताशीं ८० किलोमीटर केला कीं हाच कल सुमारें ४५ अंश होतो. वेग वाढला तो एकतृतीयांशानें. पण टायरांकडून मागितलेलें बळ पावणेदोनपट झालें, कारण तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. आणखी केवळ दहा किलोमीटर वाढवूं म्हटलें तर कल सुमारें ५२ अंशांवर जातो, आणि रस्त्यावरच्या साध्या टायरांना तें बहुधा झेपत नाहीं. "थोडासाच तर वेग वाढविला होता," असें अपघातानंतर अनेकजण प्रामाणिकपणें सांगतात. त्या ‘थोडासाच’ या शब्दाचा खरा अर्थ या गणितांत आहे.

हाच नियम ब्रेकलाहि लागू आहे. उत्तम टायर व कोरडें डांबर असतां ताशीं १०० किलोमीटर वेगाची गाडी सुमारें ४० मीटरांत थांबवितां येते. वेग २०० असेल तर तेंच अंतर दुप्पट न होतां चौपट, म्हणजे सुमारें १६० मीटर होतें. शिवाय घर्षण ही मर्यादित मिळकत आहे. पगार एक आणि खर्चाच्या बाबी दोन, वळणें व थांबणें, असा हा प्रपंच आहे. वळणांत पूर्ण कललेल्या गाडीनें सारा पगार वळण्यावरच खर्च केलेला असतो. त्या क्षणीं घाबरून ब्रेक दाबला कीं दिवाळें निघालेंच. म्हणून पट्ट्यावर पहिला धडा असा देतात कीं, ब्रेकचें मुख्य काम गाडी सरळ असतांनाच उरकावें, आणि कल जसजसा वाढेल तसतसा ब्रेकवरचा दाब सोडीत जावा.

दुसरा धडा रेषेचा. वळणाच्या बाहेरच्या कडेकडून आंत शिरावें, आंतल्या कडेला स्पर्श करावा आणि पुन्हां बाहेरच्या कडेकडे निघावें. असें केल्यानें मूळ वळणाहून अधिक मोठ्या त्रिज्येचा मार्ग मिळतो, आणि तितक्याच वेगाला कमी कल पुरतो. नवशिक्याला असेंहि सांगतात कीं, आंतली कडा जरा उशीरां गांठावी. शिरतांना सावकाश, निघतांना जलद, हें या विद्येचें सूत्र आहे. त्यांतहि लांब सरळ भागाच्या आधींचें वळण सर्वांत महत्त्वाचें. तेथून निघतांना मिळविलेला वेग पुढच्या साऱ्या सरळ भागावर उपयोगीं पडतो.

तिसरा धडा ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. उजवीकडे वळावयाचें असेल तर उजव्या बाजूचें हॅंडल किंचित् पुढें ढकलावें लागतें. असें केल्यानें पुढचें चाक क्षणभर डावीकडे वळतें, चाकें डावीकडे सरकतात आणि गाडी उजवीकडे कलते. आपण सारेच सायकलीवर नकळत हेंच करीत असतों. विमानाचे जनक राइट बंधु मूळचे सायकलींचे कारखानदार. सायकलस्वार वळण्यापूर्वीं उलट दिशेला हॅंडल फिरवितो, पण विचारलें असतां त्याला तें ठाऊक नसतें, ही गोष्ट विल्बर राइट यांनीं टिपली होती. सायकलीवर हें अज्ञान चालून जातें. जड फटफटीवर, वळण अचानक अरुंद होत गेलें असतां, हॅंडल आपल्याला हवें तसें जाणूनबुजून ढकलतां येणें हाच बचावाचा उपाय असतो.

परंतु हातांपेक्षांहि अधिक शिकवावें लागतें तें डोळ्यांना. माणूस जेथें पाहतो तेथें गाडी जाते. भीति वाटली कीं दृष्टि नेमकी खड्ड्यावर किंवा कठड्यावर खिळते, आणि गाडी तिकडेच ओढली जाते. म्हणून एका वळणांत असतांना नजर पुढच्या वळणाकडे पाठविण्याचा सराव करावा लागतो. अमेरिकेंतील प्रसिद्ध शिक्षक कीथ कोड यांनीं माणसाच्या लक्षाला दहा डॉलरांच्या नोटेची उपमा दिली आहे. नवशिक्याची बहुतेक रक्कम गीअर व ब्रेक यांच्या चिंतेंतच खर्च होते. सरावानें त्या क्रिया स्वस्त होतात आणि उरलेलें लक्ष मार्गाकडे देतां येतें.

आतां त्या जमिनीला टेंकणाऱ्या गुडघ्याविषयीं. १९७८ पासून लागोपाठ तीन वर्षें जगज्जेता ठरलेला अमेरिकन स्वार केनी रॉबर्ट्स यानें ही पद्धति लोकप्रिय केली. स्वारानें आपलें अंग आंतल्या बाजूस झुकविलें म्हणजे तितक्याच वेगाला गाडीला थोडें कमी कलावें लागतें. गुडघा टेंकला कीं किती कल झाला याचा अंदाजहि मिळतो. म्हणजे मूळ हेतु सावधगिरीचा आहे. तथापि छायाचित्रांच्या मोहानें गुडघा टेंकविणें हेंच ध्येय मानणारे तरुण पुष्कळ दिसतात. शिक्षक त्यांना प्रथम मंद वेगानें स्वच्छ रेषा काढावयास लावतात, आणि त्यांतच अर्ध्यांचा अहंकार गळून पडतो.

मग धोका नाहीं काय? आहे, आणि तो लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. टायर सुटून गाडी आंतल्या बाजूस घसरली तर स्वार बहुधा मागोमाग घसरत जाऊन थांबतो. परंतु घसरलेल्या मागच्या चाकाला एकाएकीं पुन्हां पकड मिळाली तर गाडी उसळून स्वाराला बाहेरच्या बाजूस भिरकावते, आणि हा प्रकार फार घातक असतो. पडलेल्या स्वाराला मागून येणाऱ्याचा धक्का लागणें हें तर सर्वांत वाईट. इरुंगाट्टुकोट्टैच्या याच पट्ट्यावर २०२३ च्या ऑगस्टमध्यें शर्यत चालू असतां तेरा वर्षांचा एक मुलगा मृत्यु पावला. ती शर्यत होती, शिकण्याचा दिवस नव्हता, हें खरें. पण डांबर तेंच आणि देह तोच. मोठ्या जागतिक शर्यतींत २०१८ पासून पोशाखांत हवेनें फुगणारी संरक्षक पिशवी सक्तीची झाली आहे, यावरून तेथील निष्णातांनाहि धोक्याची जाणीव किती आहे तें कळतें.

तेव्हां घरांतल्या मंडळींनीं काय करावें? माझ्या मतें, सरसकट नकार देण्यानें वेगाची ओढ नाहींशी होत नाहीं. ती रात्रीच्या महामार्गावर किंवा घाटांतल्या वळणांवर वाट काढते, आणि तेथें तिची किंमत एखादा निरपराध पादचारीहि देतो. त्यापेक्षां कांहीं प्रश्न विचारावे. शिकवावयास अनुभवी शिक्षक आहेत काय? टोळ्या कौशल्याप्रमाणें पाडतात काय? रुग्णवाहिका व डॉक्टर हजर असतात काय? पोशाख पुरा आहे काय? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मुलाला किंवा मुलीला परत आल्यावर विचारावा: रस्त्यावर आतां तुझा वेग वाढला कीं कमी झाला? पट्ट्यावर ज्याला आपल्या मर्यादेचें खरें दर्शन झालें, थांबण्याला किती अंतर लागतें हें ज्यानें स्वतः अनुभवलें, तो आंधळ्या वळणावर आपण होऊन वेग आवरतो. उलट पट्ट्यावरची रेषा आणि पट्ट्यावरचा कल जो घाटांत आणूं पाहील, त्याला शाळेंत जाऊनहि विद्या आली नाहीं असें समजावें. आणि त्याच्या गाडीची किल्ली वडील माणसांनीं कांहीं दिवस आपल्याजवळ ठेवावी, हें उत्तम.