हिवाळी पहाट, मोटारसायकल आणि हीटेड ग्रिप

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. शहराच्या नोंदीतला तो नीचांक ठरला. दरवर्षी इतकी थंडी पडत नाही, पण आकाश निरभ्र असले आणि उत्तरेचे कोरडे वारे सुरू झाले, की डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान आठ-नऊ अंशांवर येते. अशा वेळी रस्त्यावर दुचाकीवाले पुष्कळ असतात. कोणी कळमन्याच्या बाजाराला निघालेला असतो, कोणी बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला, कोणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रात ड्यूटीवर. शनिवार-रविवारी त्यांत पेंच नाही तर चिखलदऱ्याच्या वाटेला लागलेल्यांची भर पडते. जाकीट, मफलर, कानटोपी सगळे अंगावर असते, आणि तरी मनसर येईपर्यंत बोटे बधिर झालेली असतात.

मोटारसायकलच्या मुठी विजेने गरम ठेवणाऱ्या हीटेड ग्रिप आता आपल्याकडेही सहज मागवता येतात. त्या घ्याव्यात का, कोणत्या घ्याव्यात आणि कशा बसवाव्यात, हे क्रमाने पाहू.

बोटेच आधी का गारठतात

थंडी वाढली की शरीर पोटा-छातीतले अवयव गरम ठेवायला हातापायांकडचा रक्तपुरवठा आवळून घेते. त्यात मोटारसायकलवर हात सर्वांत पुढे, थेट वाऱ्यात. वाऱ्यामुळे उघड्या त्वचेला थंडी किती जास्त जाणवते, हे काढायचे हवामानशास्त्राचे एक सूत्र आहे. त्यानुसार हवेचे तापमान १० अंश असेल आणि वाऱ्याचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर थंडी ५ अंशांसारखी जाणवते. तापमान ५ असेल तर उणे २ सारखी. म्हणजे घरच्या गच्चीवर सोसवणारी थंडी महामार्गावर सोसवत नाही, यात नवल नाही.

हा प्रश्न फक्त त्रासाचा नाही. पुढचा ब्रेक बोटांनी दाबायचा असतो आणि किती दाबला हेही बोटांनाच कळते. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात सतराएक मीटर जाते. बधिर बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला तर आठ मीटर हातचे गेले. धुक्यात पुढे बिनदिव्यांची ट्रॉली असेल तर तेवढे अंतर फार मोठे आहे.

आधी वारा अडवा

हीटेड ग्रिप तळहात आणि बोटांची आतली बाजू गरम करते. वारा लागतो तो हाताच्या पाठीला आणि बोटांच्या पेरांना. वारा तसाच राहिला तर तळहात गरम आणि बोटांची टोके सुन्न, अशी अवस्था होते, आणि मग लोक ग्रिपला दोष देतात. म्हणून पैसे खर्च करण्याचा क्रम माझ्या मते असा असावा: आधी वारा न शिरणारे हातमोजे, मग हँडगार्ड आणि त्यानंतर ग्रिप.

हातमोजे घट्ट नकोत, बोटे आवळली की रक्तप्रवाह आणखी कमी होतो. ग्रिप बसवणार असाल तर तळहाताकडे पातळ आणि पाठीकडे जाड असे हातमोजे बघा, कारण जाड अस्तरातून मुठीची ऊब हातापर्यंत पोचतच नाही. दूधवाल्यांच्या गाड्यांवर दिसणारी रेक्झिनची हँडल कव्हरे दिसायला ओबडधोबड असली तरी वारा उत्तम अडवतात आणि स्वस्त असतात. मात्र कव्हर लिव्हरला दाबत नाही ना आणि हात पटकन बाहेर काढता येतो ना, हे गाडी उभी असतानाच तपासावे.

धरमपेठेतून सीताबर्डीला दहा मिनिटांत पोचणाऱ्याने इथेच थांबावे. त्याला एवढे पुरते. पहाटे सलग पाऊण तास किंवा त्याहून जास्त गाडी चालवणाऱ्यांनी आणि थंडीत ज्यांची बोटे लवकर पांढरी पडतात अशांनी पुढचा विचार करावा. बोटे पांढरी पडून दुखत असतील तर डॉक्टरांनाही दाखवावे.

गाडीला तेवढी वीज झेपेल का

खरेदीआधीचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि बहुतेक जण तो विचारतच नाहीत. पूर्ण ताकदीवर ग्रिपची जोडी साधारण ३० ते ५० वॉट घेते. ३६ वॉटची जोडी १२ व्होल्टवर ३ अँपिअर ओढते. १००-११० सीसीच्या गाडीची बॅटरी ३-४ अँपिअर-तासांची असते आणि ३५० सीसीच्या क्लासिकची ८ च्या आसपास. इंजिन बंद असताना ग्रिप चालू राहिली तर लहान बॅटरी तासाभरात संपते.

इंजिन चालू असताना वीज अल्टरनेटर पुरवतो, पण त्याच्यावर आधीच भार असतो. एप्रिल २०१७ पासून विकल्या गेलेल्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनसोबत आपोआप लागतो आणि बंद करता येत नाही. जुन्या पद्धतीचा बल्ब एकटाच ३५ ते ६० वॉट खातो. त्यावर इंजेक्शन, इग्निशन, टेललाइट आणि हौसेने लावलेले फॉग लाइट. लहान गाडीत यानंतर फारसे काही उरत नाही. एलईडी हेडलाइट असेल तर थोडी सवड मिळते.

अंदाजाने ठरवू नका, मल्टीमीटरने मोजा. नेहमी लागणारे सगळे दिवे चालू ठेवा, इंजिन तीन-चार हजार आरपीएमवर धरा आणि बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असेल तर उत्तम. ग्रिप बसवल्यावर हीच चाचणी पुन्हा करा. आकडा १३ च्या खाली येत असेल तर बॅटरी पुरेशी चार्ज होत नाही असे समजावे. सिग्नलवर इंजिन मंद झाले की अल्टरनेटरची वीज घटते, त्यामुळे व्हरायटी चौकासारख्या ठिकाणी थांबत थांबत जाताना ग्रिप कमी पातळीवर ठेवणे बरे. ग्रिप आणि फॉग लाइट एकदम झेपत नसतील तर धुक्यात दिव्यांना आधी वीज द्या.

१००-१२५ सीसीच्या गाडीवाल्यांना मी वेगळा सल्ला देईन: स्वतःच्या बॅटरीवर चालणारे हीटेड हातमोजे घ्या. गाडीवर कसलाच भार पडत नाही आणि घरातल्या दोन्ही गाड्यांवर ते चालतात.

तीन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे जुनी ग्रिप काढून तिच्या जागी बसणारी पूर्ण ग्रिप. तारा रबराच्या आत असतात, ऊब सारखी पसरते आणि पकड बदलत नाही. ब्रिटनची ऑक्सफर्ड, तैवानची कोसो आणि जपानची डेटोना या कंपन्यांच्या ग्रिप या प्रकारातल्या. बॅटरीचे व्होल्टेज घसरल्यावर आपोआप बंद होणारा कंट्रोलर ज्यात आहे, तोच संच घ्यावा. खर्च काही हजारांत जातो, पण वर्षानुवर्षे वापरायचे असेल तर हाच प्रकार योग्य.

दुसऱ्या प्रकारात मूळ ग्रिपच्या खाली चिकटवायच्या तापणाऱ्या पट्ट्या येतात. त्या स्वस्त असतात आणि मूळ ग्रिपच राहते. पण ती पुन्हा चढवताना पट्टी सरकते किंवा तार तुटते, म्हणून हात बसलेला मेकॅनिकच हवा.

तिसरा प्रकार वरून गुंडाळून वेल्क्रोने बांधायचा. मला तो ॲक्सिलरेटरच्या बाजूला अजिबात मान्य नाही. मूठ जाड होते, आणि गुंडाळी मुठीवर घसरली तर हात फिरतो पण रेस फिरत नाही.

मापही बघा. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा हँडलबार मुठीपाशी २२ मिलिमीटरचा असतो, काही क्रूझरचा २५.४ चा. उजवी ग्रिप प्लॅस्टिकच्या फिरत्या नळीवर बसते, म्हणून तिचे भोक डावीपेक्षा मोठे असते. ग्रिपची लांबीही जुनीशी जुळली पाहिजे. ज्या गाड्यांत रेस केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक आहे, त्यांच्यासाठी त्याच मॉडेलचा संच मागवावा.

बसवताना

सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. मग बार-एंड काढून जुन्या ग्रिप उतरवा. त्या पुन्हा वापरायच्या नसतील तर ब्लेडने सरळ चिरून काढणे सोपे. उजव्या नळीवर उंचवटे असतात. नवी ग्रिप त्यांच्यावरून जात नसेल तर ते कानशीने घासून सपाट करावे लागतात. घाईने ठोकून ग्रिप बसवली तर आतली तार तुटते.

गोंद लावण्याआधी ग्रिप कोरडी बसवून पाहा. उजव्या ग्रिपची वायर रेससोबत फिरते. रेस पूर्ण पिळली तरी ती ब्रेक लिव्हरला किंवा स्विचच्या डब्याला अडता कामा नये. वायर कुठून बाहेर यावी ते ठरवून खूण करा, कारण गोंद लावल्यावर फिरवायला काही सेकंदच मिळतात. उजवी ग्रिप आणि स्विचचा डबा यांत एक-दोन मिलिमीटर फट ठेवा, बार-एंडच्या बाजूलाही तशीच.

डावी मूठ उजवीपेक्षा कमी तापते, अशी तक्रार नेहमी येते. तो सहसा ग्रिपचा दोष नसतो. उजवीकडे खाली प्लॅस्टिक आहे, डावीकडे थेट लोखंडी नळी आहे आणि ती उष्णता ओढून घेते. डाव्या नळीवर जागा असेल तर श्रिंक स्लीव्हचा एक थर चढवला की फरक पडतो.

वायरिंगमध्ये एक गोष्ट टाळू नका: रिले. मुख्य पॉझिटिव्ह वायर बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्गे ग्रिपला न्यावी, आणि रिले चालू होण्यासाठी टेललाइटसारख्या चावीनेच चालू होणाऱ्या वायरवरून सिग्नल घ्यावा. चावी काढली की ग्रिप बंद. फ्यूज कंपनीने सांगितलेल्या मापाचाच आणि बॅटरीच्या जवळ असावा. जोड क्रिंप करून किंवा डाख देऊन वर श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसते पिळून काळी टेप गुंडाळलेले जोड सर्व्हिसिंगच्या पाण्याच्या माऱ्यात आणि विदर्भाच्या पावसात टिकत नाहीत. कंपनीची मूळ वायरिंग कापली तर वॉरंटीचा वाद होऊ शकतो, त्यामुळे आधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवा. इंजिनचा आवाज चढला नाही पाहिजे. रेस पिळून सोडा, ती झटकन आपोआप परत आली पाहिजे. ती अडत असेल तर गाडी रस्त्यावर आणू नका.

मे महिन्याचाही विचार

याच नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. जानेवारीत लावलेली ग्रिप मे महिन्यात भर उन्हात उभ्या गाडीवर असते. मऊ रबर चिकट होते, गोंद सुटतो. मार्चमध्ये ग्रिपचा फ्यूज काढून ठेवा आणि कंट्रोलर काढता येत असेल तर घरात ठेवा. दिवाळीनंतर पुन्हा जोडताना मुठी हाताने पिळून बघा. सैल झाल्या असतील तर गोंद नव्याने लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.