बँकेला आधार, कर्जदाराला जप्ती

२००८ साली अमेरिकेतील गृहकर्जाचा बाजार कोसळला. तेव्हापासून एक प्रचार सतत केला जातो. सरकारने गरिबांना व कृष्णवर्णीयांना कर्ज देण्याची सक्ती केली, म्हणून बँका बुडाल्या, असा तो प्रचार! बोट दाखवले जाते ते १९७७ च्या कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट कायद्याकडे. परंतु अमेरिकेच्याच चौकशी आयोगाने २०११ साली नोंदवले की, महागड्या कर्जांपैकी केवळ ६ टक्के कर्जांचा या कायद्याशी काही संबंध होता.

इतिहास नेमका उलटा आहे. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या आणि तेथे कर्ज नाकारले गेले. १९७७ चा कायदा त्या अन्यायावरचा उपाय होता. पुढे कर्ज कंपन्यांनी याच वस्त्या हेरल्या; मात्र आता नकार देण्यासाठी नव्हे, तर जादा पैसे उकळण्यासाठी. कंट्रीवाइड कंपनीने दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय व लॅटिनो कर्जदारांकडून जादा आकारणी केली, असा आरोप न्याय खात्याने ठेवला. २०११ साली ते प्रकरण ३३ कोटी ५० लाख डॉलरवर मिटले. चांगली पत असलेल्यांनाही सबप्राइम, म्हणजे महागडी व जोखमीची कर्जे गळ्यात मारल्याचे त्या आरोपात होते.

मग सरकार काय करीत होते? अन्यायकारक गृहकर्जे रोखण्याचा अधिकार फेडरल रिझर्व्हला १९९४ च्या कायद्यानेच मिळाला होता. त्याखालील व्यापक नियम आले ते जुलै २००८ मध्ये, घर जळून गेल्यावर! काही राज्यांनी कडक कायदे केले, तर २००४ साली केंद्रीय नियंत्रकाने राष्ट्रीय बँकांना त्यांतून मोकळे केले. कायदा पुस्तकात असणे आणि तो राबवला जाणे यांतले अंतर आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

बँका बुडू लागताच मात्र सरकारी तिजोरी उघडली. सप्टेंबर २००८ मध्ये एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचे कर्ज मिळाले. ऑक्टोबरात ७०० अब्ज डॉलरची योजना मंजूर झाली.

आणि कर्जदार? अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात एक विलक्षण तरतूद आहे. सुटीसाठी घेतलेल्या दुसऱ्या घराचे कर्ज न्यायाधीश घराच्या किमतीइतके खाली आणू शकतो. राहत्या घराचे मात्र नाही! ही तरतूद बदलण्याचा प्रस्ताव ३० एप्रिल २००९ रोजी सिनेटमध्ये ४५ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळला गेला. त्यासाठी तिजोरीतून थेट पैसा ओतावा लागणार नव्हता. फक्त बँकांना तोटा सोसावा लागला असता. तीस ते चाळीस लाख कुटुंबांना वाचवण्यासाठी आखलेली हप्तासवलतीची योजनाही त्या आकड्यापर्यंत पोचली नाही.

बँका बुडू द्याव्यात, असे आमचे म्हणणे नाही. बँक बुडाली की ठेवीदार व कामगारही बुडतात. पण जनतेच्या पैशाने बँक वाचवायची, तर त्याच बँकेच्या कर्जदाराचे घर वाचवण्याची अट घालायला नको काय?

२०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने ग्राहकांच्या रक्षणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने तिच्या कर्मचाऱ्यांना काम थांबवण्याचा आदेश दिला. पहारेकरी हटवला की चोरी कोणाच्या घरी होते, हे २००८ ने दाखवून दिले आहे. नियंत्रण हे गरिबावरचे उपकार नव्हेत. तो त्याचा हक्क आहे.