काडतूस बघा, मग बंदुकीबद्दल बोला

कोल्हापूर जिल्ह्यात बंदुकीबद्दल मत नसलेला माणूस शोधूनच काढावा लागेल. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीला तर गावाच्या नावातच ‘सैनिक’. शहरात टेंबलाई टेकडीजवळ मराठा लाइट इन्फंट्रीची प्रादेशिक सेनेची १०९ वी बटालियन आहे. दुधाळीच्या रेंजवर शाळकरी पोरं एअर रायफल घेऊन उभी असतात. इथल्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलवरच कांस्यपदक आणलं. एवढं सगळं असल्यावर पारावर, चहाच्या गाड्यावर रायफलीच्या गप्पा रंगणारच. पण त्या गप्पांतली बरीच विधानं चुकीची असतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: आपण नळी बघतो, मॅगझीन बघतो, नाव ऐकतो, काडतुसाकडे कुणी बघत नाही.

सर्वांत जुना गैरसमज १८५७ चा. नवी एन्फिल्ड रायफल शिपायांच्या हातात दिली, तिची चरबीची काडतुसं दातांनी तोडायला लावली आणि भडका उडाला, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. यातला अर्धा भाग खरा आहे. एन्फिल्डचं काडतूस म्हणजे कागदाची पुरचुंडी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला शिशाची गोळी, आणि गोळीकडच्या कागदाला वंगण. शिपायाने दारूकडचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. वंगण कशाचं, हा प्रश्न जानेवारी १८५७ मध्ये डमडमला उठला आणि तो रास्त होता. पण त्या वर्षी नव्या रायफली होत्या त्या मुख्यतः डमडम, अंबाला आणि सियालकोट इथल्या प्रशिक्षण केंद्रांत. बहुसंख्य शिपायांच्या खांद्यावर जुनी, गुळगुळीत नळीची मस्कटच होती. मेरठला २४ एप्रिलला ९० पैकी ८५ घोडेस्वारांनी जी काडतुसं घ्यायला नकार दिला, ती तर एन्फिल्डची नव्हतीच. त्यांच्या नेहमीच्या कार्बाइनची, जुन्याच पद्धतीची होती. संशय एकदा शिरल्यावर जुनं-नवं कोण बघतो?

आता कोल्हापूर. ३१ जुलै १८५७ च्या रात्री इथल्या २७ व्या पलटणीतले शिपाई रामजी शिरसाट यांच्या पुढाकाराने उठले. ‘काडतुसांमुळे’ असं एका शब्दात सांगून हा विषय मिटवला जातो, तेव्हा मला त्यात कोल्हापूरवर अन्याय दिसतो. काडतुसाची बातमी यायच्या तेरा वर्षं आधी, १८४४ मध्ये, सामानगडापासून गडकऱ्यांचं बंड पेटलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या किल्ले राखणाऱ्यांच्या जमिनी आणि हक्कांवर नव्या कारभाराने हात घातला, हे त्याचं कारण. तो राग मुरलेलाच होता. १८५७ चा उठाव मोडल्यावर कोल्हापूरच्या छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला हद्दपार केलं गेलं. काडतुसाने ठिणगी दिली असेल, दारू आधीच भरलेली होती.

उठावानंतर इंग्रजांनी काय केलं, ते फारसं कुणी सांगत नाही. हिंदी शिपायांसाठी १८५८ नमुन्याची खास बंदूक काढली. बाहेरून हुबेहूब एन्फिल्ड. आत मात्र पिळदार खाचा नाहीत, नळी ०.५७७ इंचाऐवजी ०.६५६ इंचाची आणि लांबच्या नेमाची दर्शनीही (साइट) नाही. दिसायला रायफल, कामाला मस्कट. गोऱ्या पलटणीपेक्षा काळ्या पलटणीकडे एक पिढी जुनं हत्यार, हे धोरण पुढे कित्येक दशकं चाललं. १९१४ मध्ये हिंदी फौज फ्रान्समध्ये मार्सेलला उतरली, तेव्हा तिथे आधीच्या रायफली जमा करून घेऊन नव्या दिल्या गेल्या. समोर जर्मन होते, म्हणून.

‘रायफल म्हणजे एकोणिसाव्या शतकातला शोध’ हेही तसं खरं नाही. नळीत आतून पीळ पाडला तर गोळी गरगरत सरळ जाते, हे युरोपातल्या कारागिरांना १५०० च्या सुमारास ठाऊक होतं. तरी सैन्यांनी साडेतीनशे वर्षं गुळगुळीत नळीच का वापरली? कारण खाचांत घट्ट बसेल अशी गोळी तोंडाकडून ठोकत ठोकत आत न्यायला फार वेळ लागायचा. तेवढ्या वेळात मस्कटवाला दोन-तीन बार काढायचा. शिकाऱ्याला हे परवडतं, रांगेत उभ्या पलटणीला नाही. ही अडचण सोडवली ती बंदुकीने नव्हे, गोळीने. फ्रेंच अधिकारी मिनिए याने १८४९ च्या सुमारास बुडाशी पोकळ अशी लांबट गोळी केली. नळीपेक्षा किंचित लहान, म्हणून सरसर आत जाते. बार उडाला की वायूच्या दाबाने बूड फुगतं आणि खाचांना चिकटतं. मस्कट शंभर पावलांच्या पलीकडे भरवशाची नव्हती. एन्फिल्डच्या दर्शनीवर नऊशे-हजार यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या.

‘थ्री नॉट थ्री म्हणजे जुनाट, दुबळी, एके-४७ म्हणजे ताकदवान.’ पोलिसांच्या बातम्या वाचून हे मत घट्ट झालंय, आणि जुनाट ती आहेच. पण दुबळी? तिची गोळी सव्वाअकरा ग्रॅमची, सेकंदाला साडेसातशे मीटरच्या आसपास वेगाने सुटणारी. हिशेब केला तर तीन हजारांहून अधिक ज्यूल ऊर्जा. एके-४७ ची गोळी आठ ग्रॅमपेक्षा किंचित कमी, ऊर्जा दोन हजार ज्यूलच्या आसपास. म्हणजे एकेका गोळीपुरतं बोलायचं तर .३०३ दीडपट जोरकस आणि लांब पल्ल्याची. एके मारते ती वेगाच्या गणितावर. .३०३ मध्ये दर गोळीनंतर बोल्ट हाताने ओढायचा, मॅगझीन दहाचं. एकेत चाप दाबून ठेवला की तीस गोळ्या काही सेकंदांत संपतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ओळखलं की पायदळाची चकमक बहुधा तीन-चारशे मीटरच्या आतच होते, मग हजार मीटरचं काडतूस वागवायचं कशाला? त्यांनी काडतूस आखूड केलं. त्यातून असॉल्ट रायफल आली आणि सोव्हिएत एके त्याच विचाराची.

हाच विचार पुढे नेला की आपल्या लष्कराची इन्सास रायफल येते. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेत तिची रचना झाली, काडतूस ५.५६ मिलिमीटरचं. तिच्याबद्दलची दंतकथा तर फौजी मंडळीही छातीठोकपणे सांगतात: ‘ही गोळी मारायला नाही, जखमी करायला, एक पडला की त्याला उचलायला दोघं गुंततात.’ ऐकायला भारी वाटतं. खरं कारण तराजूत आहे. जुन्या एसएलआर रायफलीचं ७.६२ चं काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, ५.५६ चं १२ ग्रॅमचं. तेवढ्याच ओझ्यात जवान दुप्पट गोळ्या नेतो, धक्का कमी बसतो, नेम लवकर सावरतो. आणि ती गोळी जीव घेते, याबद्दल कुणी शंका ठेवू नये.

इथेच कोल्हापूरकरांचा खास घोटाळा सांगतो. स्वप्नील आणि तेजस्विनी यांच्या रायफलीचं माप ५.६ मिलिमीटर, इन्सासचं ५.५६. ‘म्हणजे एकच की!’ नाही. माप सांगतं ते फक्त गोळीची जाडी. खेळातल्या .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या पुढेमागे आणि वेग आवाजाइतका. ऊर्जा दीडशे ज्यूलच्याही आत. इन्सासची चार ग्रॅमची गोळी आवाजाच्या अडीच पटींहून जास्त वेगाने जाते. ऊर्जा सतराशेच्या आसपास. फरक दारूने भरलेल्या पितळी नळकांड्याच्या आकाराचा. पालकांना रेंजवर पोरं पाठवताना वाटणारी भीती यामुळे थोडी कमी व्हावी, पण .२२ खेळणं नव्हे, तीही माणूस मारू शकते.

आणि कार्बाइन. मूळ अर्थ साधा: घोड्यावरून वापरता यावी म्हणून आखूड केलेली बंदूक. मेरठच्या स्वारांकडे होती ती हीच. पण आपल्याकडे बंदोबस्तातल्या हवालदाराच्या गळ्यात अडकवलेली, डावीकडून मॅगझीन बाहेर आलेली जी ‘कार्बाइन’ दिसते, ती रायफलीची धाकटी बहीण नाही. कानपूरला बनणारी ‘९ एमएम कार्बाइन १ए१’ ही ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन. पिस्तुलाचं काडतूस, ऊर्जा पाचशे-साडेपाचशे ज्यूल, उपयोग शंभर-दोनशे मीटरच्या आत.

तसल्याच जातीचं हत्यार, टॉमीगन, रायगड जिल्ह्यातल्या यशवंत घाडगे यांच्या हातात १० जुलै १९४४ ला इटलीत होतं. सोबतचे सगळे पडलेले असताना ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. बॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून तीच गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इतक्या जवळच्या झुंजीत सबमशीनगन उत्तम. दोनशे मीटरच्या पुढे ती हतबल.

लष्कराला ही उणीव बरीच वर्षं जाणवत होती. एआरडीईने आता रचलेली आणि २०२५ च्या खरेदी-स्पर्धेत पुण्याच्या भारत फोर्जने सर्वांत कमी किंमत दिलेली नवी कार्बाइन ९ मिलिमीटरचं काडतूस वापरत नाही. ती इन्सासचंच, ५.५६ × ४५ चं काडतूस उडवते.